कला शाखा बंद करून मुलं जिल्ह्याला पाठवायची, हे मला पटत नाही

बी.ए. १९९९, मराठी स्पेशल

परवाच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात संस्थेकडून कळलं की पुढच्या जूनपासून आपल्या तालुक्याच्या कॉलेजात एफ.वाय.बी.ए.चे प्रवेश होणार नाहीत. कला शाखा संस्थेच्याच जिल्ह्याच्या कॉलेजात विलीन होणार. तिन्ही वर्षांची मिळून १४० मुलं आहेत आणि प्राध्यापकांच्या मंजूर ८ जागांपैकी ५ रिकाम्या. कारणं खोटी नाहीत. तरी माझा विरोध आहे.

मी दुसऱ्या वर्षाला असताना सुगीत पंधरा दिवस कॉलेजकडे फिरकलो नव्हतो. सोळाव्या दिवशी मराठीचे सर एम-एटी घेऊन थेट आमच्या रानात आले. वडील ज्वारी काढत होते. सर बांधावर बसले, आमच्यातली भाकरी खाल्ली, पाऊसपाण्याचं बोलले. निघताना वडिलांना म्हणाले, "याच्या परीक्षेची फी भरलीय मी. तुम्ही सवडीनं द्या." सोमवारी मी वर्गात होतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं की २०४०पर्यंत प्रत्येक संस्थेनं ३,००० किंवा जास्त विद्यार्थ्यांचं लक्ष्य ठेवावं. तीन हजारांत एक पोरगा पंधरा दिवस दिसला नाही, तर ते कुणाच्या ध्यानात येणार?

तासिकेवरची प्राध्यापिका

दादा, तुमचे सर कायम नोकरीत होते. मी याच कॉलेजात सात वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर शिकवते. सकाळी इथले दोन तास घेऊन दुपारी दुसऱ्या गावच्या कॉलेजात पळते. मानधन महिनोन्‌महिने येत नाही आणि उन्हाळ्यात तर हातात काहीच नसतं. गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाची एक मुलगी अचानक यायची बंद झाली. का, ते मला ठाऊक होतं. लग्न ठरवत होते. तिच्या घरी जायचं मनात होतं, पण माझी बस सव्वाबाराची. मी गेले नाही. हे मला अजून सलतं.

कॉलेज लहान असलं म्हणजे मुलांकडे आपोआप लक्ष जातं असं नाही. त्याला माणूस जागेवर लागतो. माजी विद्यार्थ्यांनी कमान बांधून दिली, स्टेजला फरशी बसवली. पण रिकाम्या जागांसाठी उच्च शिक्षणाच्या सहसंचालक कार्यालयात किती जण गेले?

एस.वाय.बी.ए.

मी सध्या तिथंच शिकतो, म्हणून लिहितो. मला मानसशास्त्र घ्यायचं होतं. माहितीपत्रकात विषय छापला होता, शिकवायला कुणी नव्हतं. नवीन धोरणात मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (इतर शाखेतला आवडीचा विषय) असं सगळं आहे, आमच्याकडे मात्र मराठी, इतिहास आणि अर्थशास्त्र यांतूनच फिरून फिरून निवडायचं. जिल्ह्याला गेलो तर मला विषय मिळेल. माझं मत विलीनीकरणाच्या बाजूनं.

बी.ए. १९९९, मराठी स्पेशल

बाळा, तुझी अडचण खरी आहे. पण तुझ्या वर्गातल्या वाडीवस्तीवरच्या मुली जाणार का? मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे प्रश्न पैशाचा कमी आणि वेळेचा जास्त. जिल्ह्याहून आपल्याकडे येणारी शेवटची गाडी पावणेसहाची. ती चुकली की दुसऱ्या दिवसापासून पोरीचं शिक्षण बंद. असे बाप मी गावात पाहिलेत.

मॅडम, कमानीची वर्गणी मीही दिली होती. तुमचं म्हणणं मला लागलं आणि ते बरोबर आहे.

न्यू जर्सीहून, बी.ए. २००३

अमेरिकेत व्हर्जिनियात स्वीट ब्रायर नावाचं मुलींचं छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज आहे, १९०१मध्ये स्थापन झालेलं. मार्च २०१५मध्ये विश्वस्तांनी ते त्याच वर्षी बंद करायचं जाहीर केलं. माजी विद्यार्थिनी कोर्टात गेल्या. जूनमध्ये तडजोड झाली, त्यांनी १ कोटी २० लाख डॉलर देण्याचं कबूल केलं, अध्यक्ष बदलले. कॉलेज आजही चालू आहे. आपणही निधी उभारू. माझ्याकडून सुरुवात करते.

तासिकेवरची प्राध्यापिका

ताई, तुमची तळमळ कळते. पण ते कॉलेज स्वतःच्या ठेवींवर आणि फीवर चालतं. आपलं अनुदानित आहे. इथं पगार शासन देतं आणि शासनाची ना हरकत मिळून बिंदुनामावली, म्हणजे कुठली जागा कुठल्या आरक्षणाची याचा तक्ता, तपासून झाल्याशिवाय कायम जागेची जाहिरातही निघत नाही. पैसे जमले तरी त्यातून फार तर माझ्यासारखी आणखी एक मानधनावरची बाई उभी राहील.

साताऱ्याचा

मध्ये बोलतो. आमच्याकडे २०२१मध्ये रयत शिक्षण संस्थेची तीन कॉलेजं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं. त्यातलं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७चं, जिथं कर्मवीरांनी 'कमवा आणि शिका' चालवलं. कॉलेजं एकत्र आली, पण आपापल्या जागी राहिली. अर्थात ती तिन्ही एकाच शहरात आहेत, तुमची तशी नाहीत. मग मुलांना रोज हलवण्यापेक्षा मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी आठवड्यातून दोन दिवस तालुक्याला का येऊ नये? संस्था एकच आहे ना?

बी.ए. १९९९, मराठी स्पेशल

ही मागणी मला पटते. आठवड्याला दोन दिवस प्राध्यापक इकडे येणार आणि एफ.वाय.चे प्रवेश चालू राहणार, असं संस्थेकडून लेखी मागू. रिकाम्या पाच जागांचा प्रस्ताव नेमका कुठल्या टेबलावर अडलाय ते आधी शोधू. सोमवारी रजा टाकून मी सहसंचालक कार्यालयात जातो. मॅडम, जागांचा तपशील तुमच्याकडे असेल तर द्या. शनिवारी कॉलेजात येतो.

तासिकेवरची प्राध्यापिका

तपशील आहे, मंजुरीच्या तारखांसकट. विलीनीकरण टळेल असं मला अजूनही वाटत नाही. पण कागद देते.

एस.वाय.बी.ए.

काका, शनिवारी अकराच्या आत या. मॅडमना सव्वाबाराची बस असते. आणि दोन दिवस खरंच मानसशास्त्र मिळणार असेल तर अर्जावर सही करतो. वर्गातल्या मुलींनाही विचारतो.