सत्तरी उलटली की मागच्या बाकावर बसायचं म्हणे!

नगरकर
गेल्या आठवड्यात इथं एकानं लिहिलं, "सत्तरी उलटलेल्या ज्येष्ठांनी चर्चच्या मंडळीतली पदं सोडावीत, मागच्या बाकावर बसून आमच्यासाठी प्रार्थना करावी." त्याला ढीगभर अंगठे. मी ७३. चार दिवस गप्प बसलो, आता बसवत नाही.

बायबलातला कालेब ८५ व्या वर्षी पुढारी यहोशवाला म्हणाला, हा डोंगर मला दे. बाक नाही मागितलं त्यानं. हन्ना ८४ वर्षांची विधवा, मंदिर सोडून हलत नव्हती. पंडिता रमाबाईंचं बघा. १९२१ मध्ये मनोरमा गेली, पोटची एकुलती एक पोर. तरी दौंडजवळच्या केडगावात बायबलच्या भाषांतराचं काम सुटलं नाही. १९२२ च्या एप्रिलात स्वतः गेल्या, तेव्हाच हात थांबला.

मी दर गुरुवारी दवाखान्याच्या जनरल वॉर्डात जातो. खिशात नवा करार आणि नेलकटर. नवा करार कधी बाहेर निघतो, कधी नाही. नेलकटर दर खेपेला निघतं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची नखं कापतं कोण? अंगठ्याचं नख दगड झालेलं असतं, आधी कोमट पाण्यात भिजवावं लागतं. याला निवृत्तीचं वय किती, सांगा.

धाकटा डीकन
काका, सलाम. ती पोस्ट माझी. 'पदं सोडा' लिहिलंय, 'सेवा सोडा' कुठं लिहिलंय? चष्मा लावून वाचा. बायबलातलं गणना ८ पण वाचा. देवाच्या मंडपात सेवा करणाऱ्या लेव्यांना पन्नाशीला काम बंद, पुढं फक्त भाऊबंदांना मदत. रमाबाई गेल्या तेव्हा त्यांना ६४ सुद्धा पुरी नव्हती, सत्तरीच्या वादात त्यांना कशाला ओढता? एली याजकाची आठवण काढा की. वय ९८, डोळ्यांना दिसेना, शेवटी आसनावरूनच मागं पडून गेला.

आमच्या मंडळीत २२ वर्षं एकच खजिनदार. वह्या पत्र्याच्या ट्रंकेत, किल्ली कमरेला. हिशेब विचारला तर म्हणतात, "तुझ्या बापाच्या बाप्तिस्म्याला त्याला मी कडेवर घेतलं होतं." बरं मग? मार्चअखेरची शिल्लक किती?

वसईची माय
आमच्या कॅथलिकांत बिशपनं ७५ ला राजीनामा पाठवायचा, घ्यायचा की नाही ते पोप बघतात. कार्डिनल ८० चा झाला की पोप निवडायला त्याला मत नाही. पोप बेनेडिक्ट तर ८५ व्या वर्षी, २०१३ मध्ये, आपणहून उतरले. आभाळ कोसळलं नाही.

नगरकर
आणि पोप जॉन पॉल? हात थरथरतोय, शब्द फुटत नाही, तरी २००५ ला मरेपर्यंत बसले. मी कॅथलिक नाही, पण टीव्हीसमोर आमच्या घरात सगळे रडले. बेनेडिक्टसाठी कोण रडलं?

वसईची माय
मी रडले. तुम्हाला विचारून रडायचं होतं का?

पेटीवाली
पदबिद राहू द्या, माझं ऐका. ४० वर्षं उपासनेत पेटी वाजवली. ईस्टरला गेले तर कीबोर्ड मांडलेला आणि पेटीवर फुलदाणी. आदल्या दिवशी एक फोन करायला काय झालं होतं? आता रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं गिटारवर, शब्द पडद्यावर. परवा 'दीन'चा 'दिन' केला होता, सगळी मंडळी मोठ्यानं 'मी दिन आहे' गात होती.

कीबोर्डवाला पोरगा
मावशी, भाता फाटला होता. निम्म्या पट्ट्या सूं सूं करायच्या. शिवाय तुम्ही सूर असा वर धरायचात की पुरुषमंडळी दुसऱ्या ओळीला गप्प.

पेटीवाली
त्या भात्याला मीच चिकटपट्टी लावली होती! दुरुस्तीची वर्गणी मागितली तेव्हा थैलीत दहाची नोट निघाली. कीबोर्डाला मात्र दोन रविवारांत पैसे जमले. आणि सूर वर नव्हता, तुमचे गळे बसलेत. सराव शनिवारी असतो, येतंय कोण?

कीबोर्डवाला पोरगा
शनिवारी क्लास असतो. आणि भजनाला ताल लागतो हो, नुसतं हेल काढणं नव्हे.

पेटीवाली
हेल?! तुझ्या आईच्या लग्नात मी वाजवलंय, विचार तिला.

मिरजेची लेक
तुमचं पेटीपुराण आवरा. माझी आई ७८ व्या वर्षी प्रीतिभोजनाला चाळीस भाकऱ्या थापत होती. "मावशींसारखी भाकरी कुणाला जमत नाही," असं म्हणून म्हणून तिला उठू दिलं नाही. ओल्या फरशीवर घसरली, खुब्याचं हाड मोडलं. कमिटीकडून केळी आली आणि एक प्रार्थना, तीही फोनवर. पाच महिने बेडपॅन मी धरलं. पौलानं तीमथ्याला साठीवरच्या विधवांची यादी करायला सांगितली, ती त्यांना सांभाळायला. भाकऱ्यांची पाळी लावायला नाही. काका, कालेबची गोष्ट आमच्या घरी येऊन सांगायची नाही.

नगरकर
तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. खरंच.

धाकटा डीकन
काका, टिळकांचंच घ्या. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. वय ५५. पद गेलं, सेवा वाढली. मी दुसरं काय म्हणतोय?

नगरकर
टिळकांना मध्ये घातलंस, आता काय बोलणार. ठीक. स्मशानभूमीचं रजिस्टर अकरा वर्षं माझ्याकडे आहे, रविवारी घेऊन जा. १९८० च्या आधीची पानं वाळवीनं खाल्लीत, कुठली कबर कुणाची ते माझ्या तोंडून लिहून घे, नाहीतर तेही जाईल. पण मग गुरुवारी वॉर्डात तू यायचं. नेलकटर मी देतो.

धाकटा डीकन
गुरुवारी ऑफिस असतं काका.

नगरकर
वाटलंच.

धाकटा डीकन
शनिवारी चालेल का?

पेटीवाली
शनिवारी सराव आहे! आणि तो 'दिन' कोण दुरुस्त करणार?