मदत हवी आहे: आगमनकाळात प्रार्थनेसाठी वेळ कसा काढता?

सर्वांना नमस्कार. आगमनकाळ, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांचा काळ, जवळ आला की मनात ओढ लागते, पण नेमकी तेव्हाच वर्षअखेरची कामं, मुलांच्या परीक्षा, नाताळची खरेदी असं सगळं एकदम अंगावर येतं. सकाळी अंधारातच घर सोडायचं आणि परतायचं तेही अंधार पडल्यावर. दिवस लहान झाले की मनही मिटून जातं. रात्री बायबल उघडते, बोट ओळीवर असतं आणि डोळे मिटलेले.

चर्चमध्ये चार रविवारच्या मेणबत्त्या लागतात, तिसऱ्या रविवारची गुलाबी मला सगळ्यात आवडते, कारण तो आनंदाचा रविवार. पण सोमवार ते शनिवार त्यातलं काहीच उरत नाही, याचं वाईट वाटतं. हा वाट पाहण्याचा काळ आहे, तो नुसता तयारीच्या धावपळीत जाऊ नये असं मनापासून वाटतं.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात 24 अध्याय आहेत, म्हणून 1 डिसेंबरपासून रोज एक वाचला तर 24 तारखेला पूर्ण होतं. पण काही अध्याय खूप मोठे आहेत. पहिल्यातच 80 वचनं. थकलेल्या माणसाला झेपेल का? कुणी केलंय का असं? की बायबलमधल्याच यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या नवव्या अध्यायातली मोजकीच वचनं महिनाभर घोळवणं बरं?

आणखी एक. घरात सगळे विश्वासात सारखे रमणारे नाहीत. त्यांच्यावर न लादता संध्याकाळी पाच मिनिटं एकत्र प्रार्थना कशी सुरू करावी? तुमच्या घरी काय टिकलं ते कृपया सविस्तर सांगा.