साइड इंडिकेटर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका

बल्ब बदलायला फेंडरवरचा (म्हणजे पुढच्या चाकावरच्या पॅनेलवरचा) साइड इंडिकेटर चपट्या स्क्रूड्रायव्हरने कडेतून उचकटायचा सल्ला कुणीतरी दिलाय, तो मला अजिबात पटत नाही. स्पोर्ट्स कारचा फेंडर बऱ्याचदा ॲल्युमिनियमचा किंवा फायबरचा असतो. एकदा कड दबली की दिव्यापेक्षा डेंटिंग-पेंटिंगच महागात पडतं. बहुतेक साइड इंडिकेटरच्या एका टोकाला नुसती खाच असते आणि दुसऱ्या टोकाला स्प्रिंगसारखी लवचिक क्लिप. अंगठ्याने दिवा आडवा क्लिपच्या दिशेने सरकवला की खाचेचं टोक आपसूक बाहेर येतं. क्लिप कुठल्या बाजूला आहे ते मॉडेलनुसार बदलतं, त्यामुळे आधी दोन्हीकडे हलकं दाबून बघा. जिकडे एक-दोन मिलिमीटर सरकतो, तिकडे क्लिप. जुनी क्लिप थंडीत कडक होऊन तुटते, म्हणून आधी हेअर ड्रायरने कोमट करा आणि भोवती मास्किंग टेप लावा.

कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो: दिव्यामागचा बल्बचा होल्डर पाव फेरा फिरवून काढल्यावर वायर लगेच टेपने बाहेर चिकटवा. ती आत पडली तर चाकावरचं लायनर (फेंडरच्या आतलं आवरण) उघडावं लागतं. काच पारदर्शक असेल तर बल्ब नारिंगीच हवा, डब्ल्यूवाय५डब्ल्यू प्रकारचा. एलईडी बल्ब लावलात आणि पेटला नाही तर उलटा करून बसवा, त्याला प्लस-मायनस असतो. आणि रबरी गॅस्केट चिरलेलं असेल तर तेही बदलाच. तिथूनच पाणी शिरून होल्डरच्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढतो आणि नवा बल्बही मग लुकलुकत राहतो.