ऊर्जाव्यय की ऊर्जाखर्च? (अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी)

कुडाळकरीण: आमच्याकडच्या आईबाबांसाठी एक माहितीपत्रक लिहितेय. इंग्रजीवरून ‘अकालप्रसूत अर्भकांचे ऊर्जाव्यय-मापन’ असं आलंय. कोणाला कळणार? व्यय ठेवू का?

मालवणी मीठ: व्यय नको गो बाय, खर्चच लिव. व्यय म्हटला की अपव्यय नायतर पत्रिकेतला बारावा घर.

चिरेखाण: खर्चच. पण कसला ते सांगा, श्वास, हृदय, पचन आणि अंग गरम ठेवणं, या बाळांची कातडी पातळ नि चरबी कमी त्यामुळे ऊब पटकन जाते म्हणूनच तर पेटीत ठेवतात. वाढीत साठलेली ऊर्जा खर्चात धरत नाहीत हां, नवं मांस बांधायला लागलेली तेवढी धरतात. घर बांधताना चिरे आपल्याकडेच राहतात, गवंड्याची मजुरी मात्र गेली ती गेली, तसं. म्हणून दूध खर्चापेक्षा बरंच जास्त लागतं, एस्पगॅन या युरोपातल्या बालपोषण-तज्ज्ञांच्या संस्थेच्या 2022 च्या शिफारशीत दिवसाला किलोमागे 115 ते 140 किलोकॅलरी आहे.

आणि मला खरी हरकत ‘मापन’ला आहे. कॅलरी थेट कोण मोजतंय? डोक्यावर पारदर्शक हूड ठेवून बाळाने ऑक्सिजन किती घेतला, कार्बन डायऑक्साइड किती सोडला एवढंच मोजतात, पुढे वीअरचं 1949 चं सूत्र, ऑक्सिजनचे लिटर गुणिले 3.941 अधिक कार्बन डायऑक्साइडचे लिटर गुणिले 1.106, की आल्या किलोकॅलरी. म्हणजे खर्च ‘काढतात’. व्हेंटिलेटरवरच्या बाळाच्या नळीच्या कडेने हवा निसटली तर हिशोबच गंडतो.

कुडाळकरीण: भारी! आणि ‘द्वि-अंकित जल’? तेपण आहे त्यात.

चिरेखाण: अरे देवा. खुणेचं पाणी म्हणा. ड्युटेरियम (जड हायड्रोजन) आणि ऑक्सिजन-18 (जड ऑक्सिजन) असलेलं पाणी पाजतात, मग काही दिवस लघवी तपासतात, ऑक्सिजनची खूण लवकर उतरते कारण ती कार्बन डायऑक्साइडमधूनपण जाते, त्या फरकावरून हिशोब. दोन्ही किरणोत्सर्गी नाहीत हे ठळक लिहा, समस्थानिक (म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) वाचून लोकांना आधी जैतापूरचा अणुप्रकल्पच आठवणार.

कुडाळकरीण: मग हूडवाल्याला ‘बाळाच्या श्वासावरून कॅलरींचा खर्च काढणे’. चलात?

मालवणी मीठ: चलात. पण ‘काढणे’ वाचून आयेक रक्त काढतत वाटात, खाली ‘सुई टोचत नाहीत’ असा लिव.