पीचचा कॉब्लर की क्रिस्प? अर्धा बुशेल पीच आणि वीस पाहुणे, सल्ला हवा

निळीशाई
मंडळी, आम्ही न्यू जर्सीत राहतो. या शनिवारी बागेत पीच तोडायला जाणार आहोत. अर्धा बुशेल, म्हणजे साधारण २४-२५ पौंड पीच घरी येतील. रविवारी संध्याकाळी वीसेक माणसं जेवायला आहेत. आईबाबा कोल्हापूरहून आलेत आणि आई अंडं अजिबात खात नाही, म्हणून केक बाद. कॉब्लर (फळासोबत मऊ पीठ भाजतात तो) आणि क्रिस्प (फळावर ओट्सचा कुरकुरीत चुरा घालून भाजतात तो) या दोन्हींत अंडं नसतं असं ऐकलं. खरं का? दोन्हींपैकी काय करू? सकाळी करून ठेवलं तर चालेल का? पीच सोलायचे की सालीसकट घालायचे? जरा सविस्तर सांगा, ओव्हन आणि वेळ दोन्ही हाताशी आहे.

डोंगरवाट
अंडं दोन्हींत नाही, आईंना निर्धास्त वाढा. फक्त सोबतच्या आइस्क्रीमचं लेबल वाचा. फ्रेंच व्हॅनिला किंवा कस्टर्ड असं लिहिलेल्या डब्यांत अंड्याचा बलक असतो. फिलाडेल्फिया पद्धतीच्या व्हॅनिलात तो नसतो, तरी घटक बघूनच घ्या.

माझं मत कॉब्लरला. आम्ही जॉर्जियात राहतो आणि इथे उन्हाळ्यात पीच म्हटलं की कॉब्लरच. याच राज्यात मार्शलव्हिल गावी सॅम्युएल रंफ यांनी १८७० च्या दशकात एल्बर्टा जातीचा पीच तयार केला आणि त्याला पत्नीचं नाव दिलं. दूरच्या प्रवासात टिकणारा हा पीच पुढे रेल्वेने उत्तरेकडच्या बाजारांत जाऊ लागला.

इकडे घरोघरी होणारा कॉब्लर फार सोपा. ९ × १३ इंची भांड्यात ११५ ग्रॅम लोणी (इथली एक स्टिक) घालून ते ओव्हनमध्ये वितळू द्यायचं. १ वाटी मैदा, १ वाटी साखर, २ चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि १ वाटी दूध एकत्र करून सरसरीत पीठ करायचं आणि त्या लोण्यावर ओतायचं. वाटी म्हणजे इथला मापाचा कप, चमचा म्हणजे टीस्पून. वर ४ वाट्या पीचच्या फोडी पसरायच्या. यानंतर काहीही ढवळायचं नाही! भाजताना पीठ फुगून फळाच्या भोवतीने वर येतं, कडा लोण्यात तळल्यासारख्या कुरकुरीत होतात आणि मधे मऊ राहतं. ३५० फॅरनहाइटला (१८० सेल्सिअस) ५० मिनिटं ते तासभर. दालचिनीपेक्षा जायफळ घाला. पीच आणि जायफळ ही जोडी आईंना लगेच आवडेल.

खमंग
डोंगरवाट, तुमची कृती उत्तमच आहे, पण वीस माणसांसाठी मी निळीशाईला क्रिस्पच सुचवेन. कॉब्लर ओव्हनमधून निघाल्यावर तासा-दोन तासांत संपायला हवा. नंतर वरचं पीठ रस पिऊन लिबलिबीत होतं. क्रिस्पचा चुरा आणि फळ दोन्ही आधी तयार करून वेगवेगळं फ्रिजमध्ये ठेवता येतं. पाहुणे जेवायला बसले की वर चुरा पसरून भांडं ओव्हनमध्ये ढकलायचं. जेवणं होईतो घरभर वास सुटलेला असतो. एक मात्र बघ, काचेचं भांडं फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नकोस, तडकू शकतं. फळ वाडग्यात ठेव आणि ऐनवेळी भांड्यात ओत.

वीस जणांना ९ × १३ ची दोन भांडी लागतील. एका भांड्याचं माप देते.

फळ: साडेचार पौंड (सुमारे २ किलो) पीच, अर्धी वाटी साखर, ३ मोठे चमचे कॉर्नस्टार्च (आपल्याकडचं कॉर्नफ्लोअर), एका लिंबाचा रस, मीठ. पीच फार गोड असतील तर साखर निम्मी कर. लिंबू मात्र कमी करू नकोस, आंबटपणा नसला की भाजलेलं फळ नुसतं गुळमट लागतं. म्हणूनच पांढरे पीच यासाठी घेऊ नकोस, त्यांत आंबटपणा कमी असतो. ते नुसते खायला छान. बागेत पिवळेच तोड.

चुरा: दीड वाटी रोल्ड ओट्स, सव्वा वाटी मैदा, सव्वा वाटी ब्राउन शुगर, पाऊण चमचा मीठ आणि १७० ग्रॅम गार लोणी. शंकरपाळ्यांच्या पिठाला मोहन चोळतो तसं बोटांनी चोळायचं, पण थांबायचं लवकर. वाटाण्याएवढे गोळे राहिले पाहिजेत. पूर्ण एकजीव केलंस तर वर सपाट थर बसतो आणि कुरकुरीतपणा जातो. इन्स्टंट ओट्सचा लगदा होतो आणि स्टील-कट ओट्स कडक राहतात, म्हणून दोन्ही टाळ.

३७५ फॅरनहाइटला (१९० सेल्सिअस) ४५ ते ५५ मिनिटं. वरचा रंग बघून काढू नकोस. भांड्याच्या मध्यभागी रस रटरटून दाट बुडबुडे यायला हवेत, कारण कॉर्नस्टार्च उकळी आल्याशिवाय नीट दाटत नाही. कडेला उकळतंय आणि मधे शांत आहे म्हणजे अजून वेळ आहे. वरून लवकर लाल झालं तर फॉइल सैलसर टाक. बाहेर काढल्यावर अर्धा तास हात लावायचा नाही, निवताना रस आणखी दाटतो.

निळीशाई
खमंगताई, किती नेमकं सांगितलंत! क्रिस्प नक्की. पण एक भांडं कॉब्लरचं करायचा मोह होतोय, वर बिस्किटासारखे गोळे ठेवतात तो. एका ओळखीच्या घरी खाल्ला होता, वरून सोनेरी पण गोळ्यांचा तळ कच्चाच होता. तो कशाने राहतो? आणि सालीचं राहिलंच.

खमंग
गार फळावर गोळे ठेवले की वरून उष्णता लागते, खालून नुसती वाफ. फळाला उकळी येईतो वरचा भाग करपायला लागलेला असतो. म्हणून आधी नुसतं फळ ४०० फॅरनहाइटला (२०० सेल्सिअस) १५ मिनिटं भाज, रस गरम झाला की त्यावर गोळे ठेव आणि आणखी २०-२५ मिनिटं दे. गोळ्यांत थोडी फट ठेव, वाफेला वाट मिळते. ८ इंची चौकोनी भांड्यासाठी दीड वाटी मैदा, ३ मोठे चमचे साखर, २ चमचे बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ, ८५ ग्रॅम गार लोणी. भिजवायला पाऊण वाटी इथलं दाट बटरमिल्क. आपलं ताक फार पातळ पडतं, त्यापेक्षा दह्यात थोडं दूध घाल. आणि मळायचं नाही, चमच्याने जेमतेम गोळा करायचं.

साल: कॉब्लरसाठी सोल, क्रिस्पला राहिली तरी चालते. देठाच्या विरुद्ध टोकाला फुली मारून उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट, मग बर्फाच्या पाण्यात. पिकलेल्या पीचची साल हाताने निघते.

डोंगरवाट
बागेत फ्रीस्टोन (ज्यांचा गर बाठ्यापासून सहज सुटतो ते) कोणते ते विचारून घ्या. हंगामाच्या सुरुवातीला येणाऱ्या क्लिंगस्टोन जातींत गर बाठ्याला घट्ट चिकटलेला असतो आणि एवढे पीच कापताना हात भरून येतात. शनिवारी तोडलेले थोडे कडक असतील तर कागदी पिशवीत बाहेरच ठेवा. कच्चे फ्रिजमध्ये टाकले तर गर कोरडा आणि पिठूळ होतो.

आणि न्यू जर्सीत आहातच तर मूठभर ब्लूबेरी मिसळा. लागवडीची ब्लूबेरी तुमच्याच राज्यातली. व्हाइट्सबॉगला एलिझाबेथ व्हाइट आणि फ्रेडरिक कोव्हिल यांनी रानातली चांगली झुडपं निवडून ती वाढवली आणि १९१६ मध्ये तिचं पहिलं पीक विकलं गेलं. पीचच्या गोडीला तिचा आंबटपणा आणि रंग दोन्ही शोभतात.

आजोळ
धागा वाचून राहवलं नाही. मी नाशिकला, घरात ओटीजी आहे. इथे पीच क्वचितच दिसतात. हापूसचा क्रिस्प होईल का? ओटीजीत वेळ तोच धरायचा?

खमंग
हापूस भाजू नका, कळकळीने सांगते. त्याचं सगळं वैभव वासात आहे आणि तो तासभराच्या आचेत उडून जातो. आंबाच हवा तर तोतापुरी घ्या, घट्ट असतो, आंबटसर असतो आणि फोडी शाबूत राहतात. चिकूही नको, आंबटपणा नाही आणि रवाळपणा वाढतो. नाशिकला खरं तर हिमाचलची सफरचंदं सर्वात खात्रीची. त्यांना रस कमी सुटतो, म्हणून दोन किलोला कॉर्नफ्लोअर एक मोठा चमचाच पुरे. थंडीत महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी मिळतील तेव्हा उलट करा, रस खूप सुटतो, तेव्हा चार मोठे चमचे घाला. अर्धी सफरचंदं, अर्धी स्ट्रॉबेरी हा माझा सर्वात आवडता मेळ आहे. ब्राउन शुगरऐवजी गुळाची पावडर चालते, चुऱ्यातला निम्मा मैदा काढून ज्वारीचं पीठ घातलं तर खमंगपणा येतो.

ओटीजीत दोन्ही कॉइल चालू, भांडं खालच्या जाळीवर, कारण वरची कॉइल जवळ असते. भांडं लहान घ्या, वेळ ३५ मिनिटांपासून बघायला लागा.

निळीशाई
शेवटचा प्रश्न. सगळं करूनही दहा-बारा पौंड पीच उरतील. फ्रीझ करू?

खमंग
हो, पिकलेले असतानाच. सोलून फोडी कर, लिंबाचा रस चोळ म्हणजे काळ्या पडणार नाहीत, ताटात सुट्या पसरून गोठव आणि मग पिशवीत भर. एका क्रिस्पच्या मापाने पिशव्या बांध. वापरताना वितळवू नकोस, गोठलेल्याच फोडींवर साखर-कॉर्नस्टार्च घाल, कॉर्नस्टार्च एक मोठा चमचा जास्त, आणि भाजायला पंधरा-वीस मिनिटं जादा धर.

डोंगरवाट
पिशवीवर महिना लिहून ठेवा. आणि उरलेला क्रिस्प मायक्रोवेव्हला न देता ३५० ला दहा-पंधरा मिनिटं गरम करा, चुरा पुन्हा कडक होतो.