गल्लीत धुराचे अलार्म बसवायचेत, कुठले घ्यावेत? (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

पेठेतली_सून
नमस्कार मंडळी. सल्ला पाहिजे, आणि जरा घाईनं पाहिजे, कारण मंडळाची मीटिंग रविवारी आहे.

आमचं घर जुनं. मातीच्या भिंती, खाली सोपा आणि स्वयंपाकघर, वर लाकडी माडी, त्यावर कौलं. गल्लीत अशीच वीस-बावीस घरं, मधेमधे दोन-चार स्लॅबची. श्रावणात आमच्याकडं उंदरानं समईतली जळती वात ओढून नेली. देवघरामागच्या फडताळात गोधड्यांची चळत असते, तिथं जाऊन पडली. आम्ही पाचजण वर माडीवर झोपलेलो. पहाटे चारला समोरचा पोरगा तालमीला निघाला होता, त्याला कौलांतून धूर दिसला आणि त्यानं दार बडवलं. खाली येऊन बघतो तर जाळ कुठंच नाही. मधली एक गोधडी आतल्या आत काळी होत चाललेली, नुसती कड लाल. दिरांनी सगळी चळत उचलून गल्लीत टाकली, दोन बादल्या पाणी ओतलं. आठ वाजता चहा घेत होतो तर तीच गोधडी परत धुमसायला लागलेली.

पाच माणसं झोपलेली, एकाच्याही नाकाला वास लागला नाही. हेच डोक्यातून जात नाही.

यंदा मंडळाच्या वर्गणीतले थोडे पैसे शिल्लक आहेत. त्यातून घरोघरी धुराचा अलार्म लावावा असं मी सुचवलंय. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आमची निम्मी गल्ली खासबागेजवळ उभी होती. राजर्षी शाहूंनी बांधलेलं, १९१५ चं पॅलेस थिएटर डोळ्यांदेखत गेलं. तेव्हापासून आगीचा विषय काढला की लोक निदान ऐकून घेतात. तर कुठला अलार्म घ्यावा, माडीच्या घरात तो कुठं लावावा, आणि फोडणी दिली की बोंबलणारा नसावा, एवढं सांगा.

जाळ_अन्_धूर
वहिनी, आपल्यात म्हणत्यात जाळ अन् धूर संगटच. तुमच्यात नुसता धूरच झाला म्हणा की! चेष्टा र्‍हाऊद्या, त्या पोराला मंडळानं काय दिलं का न्हाय?

पेठेतली_सून
फेटा बांधला हो दादा, आरतीच्या वेळी. सासूबाईंनी महिनाभर दूध चालू केलंय ते वेगळं.

फिटर_उद्यमनगर
ताई, आधी खरेदीतला खड्डा सांगतो, कारण आमच्या ओळखीत दोघेजण त्यात पडलेत. ऑनलाइन स्वस्तात जे 'स्मोक डिटेक्टर' दिसतात त्यातले बरेचसे हॉटेल-दवाखान्यातल्या सिस्टिमचे असतात. त्यांना वायर ओढून पॅनेलला जोडावं लागतं, चोवीस व्होल्ट द्यावे लागतात. स्वतः ते वाजत नाहीत. छताला चिकटवले की नुसती शोभा. तुम्हाला पाहिजे तो 'स्मोक अलार्म', म्हणजे सेन्सर, बॅटरी आणि भोंगा एकाच डबीत. खोक्यावर ईएन १४६०४ किंवा यूएल २१७ छापलेलं बघून घ्या, ती अशा एकट्यानं चालणाऱ्या अलार्मची मानकं आहेत.

आता प्रकार. आयोनायझेशनवाल्यात अमेरिशियम-२४१ चा बारीकसा किरणोत्सारी कण असतो. तो भडकलेल्या जाळावर लवकर वाजतो, पण धुमसणाऱ्या आगीवर उशिरा, आणि फोडणीला, टोस्टला उगाच बोंबलतो. तुम्ही फोटोइलेक्ट्रिक घ्या, काही खोक्यांवर ऑप्टिकल लिहिलेलं असतं. तुमच्या घरी कौलाच्या फटीतून उन्हाची तिरीप येते ना? एरवी न दिसणारी धूळ त्यात दिसते. या डबीत तसंच आहे. आत काळोखी खोली, त्यात उजेडाची एक रेघ, आणि रेघेच्या वाटेत नसलेला एक डोळा. धूर शिरला की उजेड विखुरतो, डोळ्यावर पडतो, भोंगा वाजतो. गोधडीच्या धुराला हाच बरा.

जागा: पहिला अलार्म जिन्याच्या वर, माडीवर झोपता त्या खोलीच्या तोंडाशी. लाकडी घरात जिना म्हणजे धुराडंच, खालचा सगळा धूर तिथनंच वर येणार. दुसरा खाली सोप्यात, छताला, भिंतीपासून फूटभर आत. स्वयंपाकघरात नकोच, शेगडीपासून दहा फूट तरी लांब पाहिजे. देवघरासमोरही नको, नाहीतर धूप घातला की आरतीला भोंग्याची साथ. उतरत्या छताला लावायचा झाला तर आढ्याजवळ लावा, पण अगदी टोकात नको. तिथं गरम हवा अडकून बसते आणि धूर पोचत नाही, चार-सहा इंच खाली घ्या. पंख्याजवळ लावू नका.

राजारामपुरी_तिसरा_मजला
आमच्या अपार्टमेंटात सगळी सिस्टिम आहे. पॅनेल आहे, पाइप आहेत, जिन्यात लाल पेट्या आहेत. पॅनेलचा आवाज त्रासदायक म्हणून कुणीतरी बंद करून ठेवलाय आणि एका पेटीत वॉचमनचा डबा असतो. कायद्यानं दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून बी फॉर्म, म्हणजे सिस्टिम चालू असल्याचा दाखला, घ्यायचा असतो, कमिटीला विचारलं तर म्हणाले बघतो. त्यामुळं मी घरात स्वतःचा एक अलार्म लावलाय. बेडरूमच्या बाहेर, पॅसेजमध्ये. गल्लीचं गल्लीनं करणं मला जास्त खात्रीचं वाटतं.

बगॅस_यार्ड
मी साखर कारखान्याच्या फायर सेक्शनमधून निवृत्त. सूनबाई, तुमची गोधडी वाचली आणि यार्ड आठवलं. बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडांचा, ढीग वरून विझलेला दिसतो आणि आतून दोन-दोन दिवस धुमसतो. पाणी वरचेवर वाहून जातं. कापूस, गादी, गोधडी यांची जात तीच. बाहेर काढून उसवायची, आतला कापूस भिजवायचा, मगच सोडायची. परत घरात न्यायची नाही.

नाकाचं म्हणाल तर ते झोपेत भरवशाचं नाही. आणि आगीत माणूस भाजून कमी, धुरानं जास्त दगावतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, तो जागं करायच्या ऐवजी आणखी गुंगवतो. कानाला मात्र झोपेतही ऐकू येतं, म्हणून भोंगा.

पण मला अलार्मपेक्षा किल्लीचं बोलायचंय. तुमच्या गल्लीतली दारं रात्री आतून कुलूपबंद असतात का? आणि खिडक्यांना बाहेर काढलेल्या लोखंडी जाळ्या? अलार्म वाजला, लाइट गेलेली, धूर कमरेपर्यंत खाली आलेला, आणि किल्ली आजोबांच्या कोटाच्या खिशात. मग भोंगा असला काय नि नसला काय. कुलूप लावायचंच असेल तर किल्ली दाराशेजारी एकाच खिळ्याला, लहान पोराचा हात पोचेल अशी. जाळीत एक उघडणारी खिडकी करून घ्या. धुरात उभं राहू नका, रांगत जा. मागची दारं ओढून घेत बाहेर पडा, बंद दार धुराला बराच वेळ थोपवतं. बाहेर आल्यावर १०१ किंवा ११२. गल्ली अरुंद असेल तर बंब कुठवर येतो ते आत्ताच बघून ठेवा, दुचाक्या आडव्या लावलेल्या असतात.

तालीमवाला
एक विचारू का? एवढ्या पैशात मंडळाचं साउंडचं बिल निम्मं भागलं असतं. चार महिन्यांनी सगळ्यांच्या बॅटऱ्या पोरांच्या खेळण्यात जाणार, लिहून घ्या.

पेठेतली_सून
तालीमवाले, चुकीचं नाही म्हणत. मीटिंगमध्ये हेच येणार. यावर उपाय असेल तर तोच सांगा कुणीतरी.

हळदीकुंकू
ताई, हे काम बायकांकडं द्या. आम्ही आमच्या कॉलनीत असं ठरवलंय: संक्रांतीला वाण म्हणून नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लुटायची. दरवर्षी डबे, गाळण्या, साबणदाण्या लुटून माळे भरलेत. तिळगुळासोबत बॅटरी हातात पडली की घरी गेल्याबरोबर बदलली जाते. आणि टेस्टचं बटण दर संकष्टीला. चंद्रोदयाची वाट बघत सगळ्या जाग्याच असतात, तेवढ्यात काठीच्या टोकानं बटण दाबायचं. दसऱ्याला घर काढताना डबीवर मऊ ब्रश फिरवायचा, आतली धूळ नि कोळ्याची जाळी यानं उगाच वाजतो.

फिटर_उद्यमनगर
वाणाची कल्पना एक नंबर. जोडून सांगतो: काही अलार्म दहा वर्षांच्या बंद लिथियम बॅटरीचे येतात, ती पोरांना काढताच येत नाही. जरा महाग, पण तालीमवाल्यांच्या शंकेला उत्तर तेच. मात्र दहा वर्षांनी डबी टाकायचीच, बॅटरी कुठलीही असो. सेन्सर म्हातारा होतो. मागं तारीख छापलेली असते, लावताना पेनानं दर्शनी बाजूला लिहा.

रंकाळा_दक्षिण
माझे वडील ८१ वर्षांचे, कानाचं मशीन काढून झोपतात. त्यांना भोंगा ऐकू येईल का?

फिटर_उद्यमनगर
अवघड आहे काका. साध्या अलार्मचा आवाज दहा फुटांवर ८५ डेसिबल असतो, पण सूर चढा, तीन हजार हर्ट्झच्या आसपास, आणि म्हातारपणी नेमका तोच सूर आधी जातो. एकमेकांना बिनवायरीनं जोडणारे अलार्म मिळतात. खाली एक वाजला की सगळे वाजतात, म्हणजे तुमच्या खोलीतला वाजेल आणि तुम्ही जाऊन उठवाल. उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती आणि लखलखणारा दिवा असलेलेही येतात. मंडळानं घरं निवडताना अशी घरं आधी घ्यावीत.

हुपरीकर
चांदीचं काम घरात, गॅसचा नळा दिवसभर चालू. धुराच्या अलार्मला गॅस कळतो का ओ?

बगॅस_यार्ड
नाही. हा घोटाळा फार होतो. घरगुती गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीला धरून पसरतो. त्याचा अलार्म वेगळा आणि तो खाली, जमिनीपासून वीतभर-फूटभर उंचीवर लावायचा. वास आला तर दिवा लावू नका, चालू असेल तर विझवूही नका, बटणाला हातच नको. रेग्युलेटर बंद, दारं उघडी, बाहेर जाऊन १९०६ ला फोन. नारिंगी नळी पाच वर्षांनी बदला. आणि बाथरूममध्ये गॅसचा गीझर असेल तर तिसराच शत्रू, कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना वास ना रंग. गीझर बाहेर काढा, एवढंच सांगेन.

जाळ_अन्_धूर
काका, कट पेटला तर? आमच्यात रविवारी मिसळीचा कट म्हंजे बोटभर तेल असतंय.

बगॅस_यार्ड
झाकण घाल आणि गॅस बंद कर. पाणी ओतलंस तर तेल उडून छतापर्यंत जाळ. झाकण लगेच उचलून बघायचं नाही, तुझ्यासारखे उत्सुक लोकच भाजतात.

पेठेतली_सून
मंडळी, महिन्यानं परत आले. मीटिंगमध्ये दीड तास वाद झाला, शेवटी चौदा घरं ठरली: सगळी माडीची, त्यात म्हातारी माणसं असलेली आधी. फोटोइलेक्ट्रिक घेतले, बॅटरी बदलायचे, कारण बंद बॅटरीचे बजेटात बसेनात. वाण ठरलंय. तालीमवाल्या दादांसारखेच बोलणारे आमच्या मंडळाचे खजिनदार होते, त्यांच्याच घरी पहिला लावला.

किल्लीची फेरी काढली. चौदापैकी नऊ घरांत किल्ली रात्री कुठं असते हे घरातल्या एकालाच माहीत होतं. आता प्रत्येक दाराशेजारी खिळा आहे. गल्लीच्या तोंडाला आडव्या लागणाऱ्या दुचाक्यांवर मात्र अजून भांडण चालू आहे.

एक गंमत. आमच्याच अलार्मसोबत आलेली बॅटरी जुनाट निघाली. असं झालं की तो दर मिनिटाला एकदा 'टिक' करतो, हे मला माहीत नव्हतं. सासूबाईंना वाटलं पाल चुकचुकतेय. दोन दिवस कुणी काही बोललं आणि टिक झालं, की त्या जमिनीवर बोटं आपटून 'कृष्ण कृष्ण' म्हणायच्या. दिरांच्या लग्नाचं स्थळ सांगून आलं तेव्हा तीनदा टिक झालं आणि स्थळ गेलं.

जाळ_अन्_धूर
वहिनी, स्थळ परत बोलवा. दोष बॅटरीचा हाय, पत्रिकेचा न्हाय.

फिटर_उद्यमनगर
ताई, नवी बॅटरी घालताना खालच्या पट्टीवरची तारीख बघा, दुकानात पडून असलेली घेऊ नका. रविवारी उरलेली पाच घरं करू, ड्रिल माझं आणतो. कुणाकडं दहा फुटी शिडी असेल तर सांगा, आमची मंडपवाल्याकडं गेलेली अजून आलेली नाही.