अर्धवट नियमांवर कॅम्पेन चालवावं का?

आग्यावेताळ

आमच्या ग्रुपात वाद पेटलाय, म्हणून हा धागा. आमच्यातल्याच एकाने स्वतःचा फँटसी रोलप्लेइंग गेम लिहायला घेतलाय. वळण डी अँड डीचंच (डन्जन्स अँड ड्रॅगन्स): फासे, पात्रं, भुयारं, राक्षस. पीडीएफ आली आहे, पण अर्धी. मंत्रांची यादी तिसऱ्या लेव्हलला संपते. घोड्यावरून लढण्याच्या प्रकरणात नुसता मथळा, खाली "इथे तक्ता येईल". मला यावर चांगलं लांबलचक कॅम्पेन, म्हणजे त्याच पात्रांची महिनोन्महिने चालणारी गोष्ट, चालवायचंय. दोघं म्हणतात, आधी नियम पुरे होऊ देत.

मी म्हणतो, कशाला थांबायचं? १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांची डी अँड डी आली ती तीन बारक्या पुस्तिकांच्या खोक्यात. लढाईसाठी 'चेनमेल' हा वॉरगेम (टेबलावर सैन्यं लढवायचा खेळ) तुमच्या घरी असणारच, असं धरून चाललेलं. रानावनात भटकायचं तर 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या दुसऱ्याच कंपनीच्या बोर्डगेमचा पट आणा म्हणे! चोर हा क्लासच (पात्राचा प्रकार) नव्हता, तो १९७५च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत आला. खंजीर मारा की परशू, इजा सहा बाजूंच्या एकाच फाशावर. तरी लोकांनी त्यावर वर्षानुवर्षं कॅम्पेन चालवली. तिसऱ्या पुस्तिकेच्या शेवटी तर लेखकच विचारतात, तुमच्या वाटची कल्पनाही आम्हीच का करायची?

हिशेबी मुंगी

असहमत. १९७४चा दाखला तुमच्याच अंगावर उलटतो. ते खोकं घेणारे बरेचसे आधीपासून वॉरगेम खेळणारे होते. कुणी आधी चाल करायची, मोर्चा कधी मोडतो, पंचाचा शब्द कुठवर चालतो, हे त्यांना मुरलेलं होतं. पुस्तिकेत नव्हतं ते डोक्यात होतं. ज्यांच्या डोक्यात नव्हतं ते वैतागले. फिनिक्सच्या केन सेंट आंद्रेला ते नियम पटेनात, तेव्हा त्याने १९७५मध्ये 'टनेल्स अँड ट्रोल्स' हा स्वतःचाच गेम काढला. आणि तोच गायगॅक्स पुढे 'ॲडव्हान्स्ड' या डी अँड डीच्या नव्या रूपाच्या वेळी सगळीकडे नियम सारखे हवेत म्हणून हटून बसला, ते सोयीस्कररीत्या विसरू नका.

मी अशा टेबलावर बसले आहे. दोरांचा पूल, मधोमध ओगर, माझी फायटर त्याला ढकलणार. ढकलण्याचा नियम कोरा. डीएम (खेळ चालवणारा, निकाल देणारा) म्हणाला, दोघांनी स्ट्रेंग्थवर, म्हणजे ताकदीवर, फासे टाका. मी हरले, खाली गेले, पात्र खलास. ठीक आहे, खेळात होतं असं. काही दिवसांनी तसाच कडा, तसाच राक्षस, ढकलणारा दुसरा. या वेळी डीएम म्हणाला, तू चपळ आहेस, डेक्स्टॅरिटीवर टाक. तो जिंकला. दोन्ही निकाल सुटेसुटे वाजवीच होते. पण पुलावर पाऊल टाकताना धोका किती, याचा अंदाज मला बांधताच आला नव्हता. मग मी जे केलं त्याला निर्णय म्हणायचं की मटका?

तळघरातला उंदीर

मेंढीकोटाचं पुस्तक कुणी पाहिलंय? बंद हुकूम की कट हुकूम, एवढं पत्ते वाटण्याआधी ठरतं आणि रात्रभर खेळ रंगतो. अडलं की चौघांत मिटवायचं. आग्यावेताळ, बिनधास्त चालवा.

हिशेबी मुंगी

@उंदीर, मेंढीकोटात दर डावाला पत्ते नवे. महिनोन्महिने वाढवलेलं पात्र एका हुकमात मरत नाही. शिवाय तुम्हीच म्हणताय, "वाटण्याआधी ठरतं". माझं दुसरं काय म्हणणं आहे?

चौथी भिंत

दोघंही दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवताय. नियम नसणं वेगळं आणि नियम दर पॅकेटला (चाचणीसाठी दिलेल्या दर नव्या मसुद्याला) बदलणं वेगळं.

नसलेल्या नियमावर निभावतं. 'ॲडव्हान्स्ड'चं मॉन्स्टर मॅन्युअल १९७७ला आलं, प्लेयर्स हँडबुक १९७८ला आणि हल्ला लागला की हुकला हे सांगणारे तक्ते थेट १९७९च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये. मधल्या काळात लोकांनी जुने तक्ते वापरून नव्या राक्षसांशी मारामाऱ्या केल्याच.

बदलत्या नियमाने मात्र कॅम्पेनचा विचका होतो. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीची खुली प्लेटेस्ट (छापण्याआधी लोकांकडून खेळून चाचणी) मे २०१२ला सुरू झाली, पुस्तकं आली २०१४ला. ऑगस्ट २०१२च्या पॅकेटात फायटरला 'एक्स्पर्टाइज डाइस' मिळाले. दर फेरीला ते इजा वाढवायला वापरायचे की वार झेलायला, हे आपण ठरवायचं. झकास प्रकार होता. मग त्यांची रूपं बदलत गेली आणि छापील पुस्तकात ते 'बॅटल मास्टर' या एका उपवर्गाच्या वाट्याला उरले. त्या डाइसच्या जोरावर उभं केलेलं पात्र पुढच्या पॅकेटात न्यायचं कसं?

म्हणून आग्यावेताळ, लेखकाला आधी विचारा: कॅम्पेन संपेपर्यंत आहे ती पीडीएफ गोठवणार का? नाही म्हणाला तर एकेका रात्रीचे सुटे गेम चालवा, लांबचं नको.

अवांतर: पंचाच्या अकलेवर भिस्त ठेवणं गायगॅक्सच्याही आधीचं. प्रशियन सैन्यात राइसविट्झचा १८२४चा 'क्रीगश्पील' तक्ते आणि फाशांवर चाले. १८७६ला व्हर्डी द्यू व्हर्नुआ या अधिकाऱ्याने सांगितलं, तक्ते गुंडाळा, निकाल अनुभवी पंच देईल.

टोळधाड

तो व्हर्डी १८७०च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात प्रशियन सेनाप्रमुख मोल्टकेच्या स्टाफवर होता. खरी लढाई पाहिलेला माणूस. आपल्या डीएमने ओगर कुठे पाहिलाय?

आग्यावेताळ

टोळधाड 😄

पीडीएफ गोठवण्याचं पटलं, लेखकाला कळवतो. मुंगीताई, तुमच्या पुलाचा दोष मी कोऱ्या नियमाला देणार नाही. डीएमने पहिला निकाल टिपून ठेवला असता तर दुसऱ्यालाही स्ट्रेंग्थवरच टाकावं लागलं असतं. मी टेबलावर वही ठेवणार. फासा पडण्याआधी सांगणार: अमुक टाकायचं, इतके हवेत, हरलास तर हे होईल. ऐकून माघार घ्यायची मुभा. एकदा वहीत गेलं की पुढच्या वेळी सगळ्यांना तेच लागू.

हिशेबी मुंगी

वही चालेल. माझी अजून एक अट: वहीत आधीपासून नसलेल्या निकालाने पात्र मरता कामा नये. जखमी होऊ दे, कैद होऊ दे, हत्यार जाऊ दे.

आग्यावेताळ

ही नाही मान्य. मग जो तो मुद्दाम कोऱ्या जागा हुडकून तिथेच उड्या मारेल, कारण तिथे मरण नाही. धोका आधी सांगितला, तुम्ही "टाकते" म्हणालात, तर मरणसुद्धा तुमचं.

हिशेबी मुंगी

बघू. पण ज्याने गेम लिहिलाय तो टेबलावर नको, खेळाडू म्हणूनही नको. तो बसला की सगळे त्याच्या तोंडाकडे बघणार, तो "मला तिथे असं म्हणायचं होतं" सांगणार, आणि ते ना पीडीएफमध्ये येणार ना वहीत. त्याला घरी बसवा, मग मी येते.